सुईआधी शिशी

कुत्र्याच्या लघवीत रक्त दिसले, किंवा बोका पाटीत बसून तासभर कुंथतो आहे आणि थेंबही पडत नाही असे लक्षात आले, की लहान शहरातल्या घरात पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी ‘उष्णता झाली’ म्हणून ताक, धण्याचे पाणी, सब्जा. त्याने भागले नाही तर दवाखाना आणि एक सुई. ही सुई बहुधा अँटिबायोटिकची असते, जोडीला दुखणे थांबवणारी दुसरी. जनावर दोन-चार दिवसांत हिंडूफिरू लागले तर डॉक्टरच्या हाताला गुण आहे. नाही लागले तर औषध बदलायचे. या सगळ्या धावपळीत जिच्याबद्दल तक्रार आहे ती लघवी मात्र कोणी शिशीत घेऊन उजेडात धरलेली नसते. माझे म्हणणे असे आहे की बालाघाटसारख्या जिल्ह्यात कुत्र्या-मांजरांच्या मूत्रविकारांचा घोटाळा होतो तो मोठी यंत्रे नसल्यामुळे कमी आणि ही पहिली, जवळपास फुकटची पायरी गाळल्यामुळे जास्त. निदान ज्या वस्तूत आहे ती वस्तू पाहण्याआधी उपचार सुरू होतात, आणि एकदा सुरू झाले की निदान आणखी अवघड होऊन बसते.

बालाघाट हा धानाचा जिल्हा. मधून वैनगंगा, शहराला लागून भरवेलीची मँगनीजची खाण, वर मलाजखंडचे तांबे, कान्ह्याचे जंगल, आणि हद्द ओलांडली की गोंदिया. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, पण पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले ते १९४८ मध्ये जबलपूरला. नागपूरला स्वतःचे मिळाले १९५८ साली. आज जबलपूरचे महाविद्यालय २००९ मध्ये स्थापन झालेल्या आणि मूळच्या हिंगोलीकडच्या नानाजी देशमुखांच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठात आहे, नागपूरचे ‘माफसू’ या महाराष्ट्राच्या पशुविज्ञान विद्यापीठात. बालाघाट या दोहोंच्या मधे, कुठेही जायचे तरी अर्धा दिवस मोडतो. जिल्ह्यात गावोगावी जी व्यवस्था उभी राहिली ती बैल, म्हैस आणि शेळी यांच्यासाठी, आणि ती तशी उभी राहणे रास्तच होते. लोकांच्या तोंडी तो आजही ढोरांचा दवाखाना आहे. मात्र आता बालाघाट, वारासिवनी, कटंगीतल्या घरांतून लॅब्रॅडोर आणि पॉमेरेनियन दिसतात, पर्शियन मांजरे दिसतात, आणि गावठी कुत्रीही पूर्वीपेक्षा जास्त वर्षे जगतात. मूत्राशयाचे, मूत्रपिंडाचे आणि प्रोस्टेटचे आजार हे बऱ्याच अंशी उतारवयाचे आजार. जनावर म्हातारे होईपर्यंत जपले जाऊ लागले की हे आजार दारात येणारच.

लाल लघवीपासूनच सुरुवात करू, कारण ती सगळ्यांना दिसते. तक्रार एक, पण तिच्यामागे निदान पाच-सहा असू शकतात आणि त्यांचे उपचार एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. ताजी लघवी काचेच्या पारदर्शक शिशीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवली तर बरेच काही कळते. खाली लालसर गाळ बसला आणि वर पिवळे पाणी नितळ झाले, तर त्यात रक्तपेशी आहेत. म्हणजे रक्त मूत्रमार्गातून कुठून तरी येते आहे. गाळ बसलाच नाही, वरपासून खालपर्यंत लाल किंवा चहाच्या रंगाचे राहिले, तर पेशी फुटून त्यांतला रंग विरघळलेला आहे. म्हणजे बिघाड मूत्राशयात नाही, रक्तात आहे. पॅथॉलॉजीतले रक्त फिरवायचे यंत्र असेल तर हेच पाच मिनिटांत आणि अधिक खात्रीने होते. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकारामागे पुष्कळदा गोचीड असतो. गोचिडातून बबेसिया हा परजीवी रक्तात शिरतो, तांबड्या पेशी फोडतो, आणि कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडत जातात. अशा कुत्र्याला ‘लघवीच्या इन्फेक्शन’ची अँटिबायोटिक देत राहणे म्हणजे हातचा वेळ घालवणे. कानाच्या कडेतून घेतलेल्या थेंबाची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली पाहिली तर परजीवी बऱ्याचदा दिसतो, आणि त्याची औषधे पूर्ण वेगळी आहेत. बबेसियाच्या मोठ्या जातीला चालणारे औषध लहान जातीला पुरत नाही, म्हणून जात ओळखणेही आलेच.

रक्त लघवीबरोबर येते की लघवी नसतानाही ठिबकते, हा पुढचा प्रश्न, आणि तो मालकाला नीट विचारला पाहिजे. लघवी करत नसताना शिश्नाच्या टोकाशी थेंब दिसत असतील तर संशय प्रोस्टेटवर, किंवा आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांत फार आढळणाऱ्या संसर्गजन्य जननेंद्रिय-गाठीवर. ही गाठ समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. जिवंत कर्कपेशीच स्थलांतर करतात. आज जगभर पसरलेल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींचे वंशज आहेत, ही जीवशास्त्रातली थक्क करणारी गोष्ट आहे. कातडी मागे सारून पाहिले की फुलकोबीसारखा, सहज रक्त येणारा मांसल भाग दिसतो. व्हिन्क्रिस्टीन आठवड्यातून एकदा, असे चार-सहा वेळा दिले की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोगात इतका हमखास गुण क्वचितच येतो. पण त्यासाठी कातडी मागे सारून पाहावे लागते, आणि ‘लघवीतून रक्त’ एवढे ऐकून सुई भरली तर ते राहूनच जाते.

इथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे टाळण्यासारखे नाही, की सुईने गुण येतो हे आम्ही रोज पाहतो. मग हा शिशीचा खटाटोप कशाला? याचे उत्तर मांजराकडे आहे. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांना वारंवार, थेंब थेंब, कधी रक्ताची लघवी होऊ लागली तर निम्म्याहून अधिक वेळा कसून तपासणी करूनही ना जंतू सापडतो, ना खडा. या आजाराला कारण-अज्ञात मूत्राशयदाह म्हणतात. या वयात जंतुसंसर्ग अगदी थोड्या मांजरांत असतो. हा दाह बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी दिलेल्या सुईला सहाव्या दिवशी मिळालेले श्रेय मुळात त्या आजाराच्या स्वभावाचे असते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या मांजरांवर अनेक वर्षे काम केले. त्यांना दिसले ते असे की यांच्या मूत्राशयाइतकीच त्यांची ताण झेलण्याची यंत्रणा बिघडलेली असते: घरात नवे मांजर येणे, पाटीची जागा बदलणे, लपायला कोपरा नसणे, बाहेरच्या बोक्याचा धाक, एवढ्यानेही झटका येतो. त्यावरचा उपाय घरातच आहे. मांजरे जितकी, त्याहून एक पाटी जास्त, पाणी आणि जेवण पाटीपासून दूर, उंच बसायला जागा, वेळापत्रक स्थिर, आणि अन्नात पाणी जास्त. झटक्याच्या दिवसांत वेदनाशामक लागतो, पण तो मांजराला चालणारा, डॉक्टरने मोजून दिलेला. अँटिबायोटिकने या मांजराचे काहीच भले होत नाही. उलट त्याच्या आतड्यांतले जंतू त्या औषधाला सरावतात, आणि पुढे कधी खरा संसर्ग झालाच तर तेच औषध लागू पडत नाही.

मात्र याच तक्रारीतला एक प्रकार असा आहे की तिथे थांबणे म्हणजे मांजर गमावणे. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अतिशय अरुंद असते. चिकट स्राव आणि स्फटिक यांचा बोळा तिथे अडकला की लघवी पूर्ण तुंबते. बोका वारंवार पाटीत बसतो, कुंथतो, ओरडतो, आपले लिंग चाटत राहतो. घरच्यांना वाटते त्याला शी होत नाही, आणि एरंडेल पाजले जाते. ही चूक जगभर होते आणि ती जिवावर बेतते. पोट हळूच दाबून पाहिले तर मागच्या बाजूला लहान संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागतो. तो जोराने दाबायचा नाही, फुटू शकतो. लघवी बाहेर पडत नाही म्हणून पोटॅशियम रक्तात साठत जाते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. तुंबल्यापासून दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. अशा बोक्याचे ठोके मोजले आणि ते भीतीने वाढण्याऐवजी मिनिटाला शंभर-सव्वाशेवर उतरलेले आढळले, तर रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच पोटॅशियम वाढले आहे असे धरून चालावे लागते.

जबलपूर-नागपूरची वाट इथे कामाची नाही, पहिले काम बालाघाटातच व्हायला हवे. आणि ते होऊ शकते, यावर मी भर देतो, कारण त्याला लागणारे सगळे साहित्य माणसांच्या मेडिकलमध्ये मिळते किंवा मागवता येते. शिरेतून सलाईन, हृदयाला सावरून धरायला कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम पेशींत ढकलायला डेक्स्ट्रोज आणि अगदी मोजके इन्सुलिन. मूत्राशयावर ताण फारच असेल तर बारीक सुईने पोटातून थोडी लघवी काढून घेणे. मग भूल देऊन बारीक कॅथेटर, निर्जंतुक सलाईनच्या झोताने बोळा मागे ढकलत. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असते म्हणून ते पुष्कळ जण टाळतात, पण त्यातले प्रमाण लिटरला चार एकक, म्हणजे निरोगी मांजराच्या रक्ताइतकेच. तुंबलेल्या मांजरांत ते वापरून झालेल्या अभ्यासांत त्याने नुकसान केलेले नाही. मार्ग मोकळा झाल्यावर एक-दोन दिवस लघवीचा अक्षरशः लोंढा येतो. तेव्हा सलाईन कमी पडले तर वाचलेले मांजर कोरडे पडून दगावते, म्हणून किती लघवी बाहेर आली ते मोजत राहावे लागते. गोरगरिबांच्या बोकडांचा आणि गोऱ्ह्यांचा मुतखडा ज्या डॉक्टरांनी पोटातून थेट मूत्राशयात नळी घालून सोडवला आहे, त्यांना हे तत्त्व नव्याने शिकवावे लागणार नाही. नळी घालण्याची ती शस्त्रक्रिया आपल्याकडच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत चांगली रुळलेली आहे. फरक आकाराचा आणि सवयीचा आहे.

मुतखड्याकडे वळताना एक इतिहास सांगितला पाहिजे, कारण अंदाजाने उपचार केल्यास काय होते याचा तो जागतिक पातळीवरचा दाखला आहे. १९७०-८०च्या दशकांत मांजरांत सर्वाधिक खडे स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे, सापडत. कंपन्यांनी पाकीटबंद अन्नातले मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्ल होईल अशी घडण केली. स्ट्रुव्हाइट घटले. पण कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढत गेले, आणि हे खडे कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत. हे वेळीच कळले याचे कारण मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑसबॉर्न यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले खड्यांच्या पृथक्करणाचे केंद्र. जगभरातून आलेला एकेक खडा तिथे तपासला, नोंदला गेला, म्हणून वाऱ्याची दिशा बदलल्याचे दिसले. ‘खडा आहे’ हे निदान अर्धेच असते; कशाचा आहे हे कळेपर्यंत उपचार ठरत नाही. स्ट्रुव्हाइट योग्य आहाराने विरघळतो: मांजरात तो बहुधा जंतूंशिवाय बनतो आणि काही आठवड्यांत विरघळतो, कुत्र्यात मात्र तो बहुतेक वेळा युरिया फोडणाऱ्या जंतूंमुळे बनतो, म्हणून तिथे आहाराबरोबर अँटिबायोटिक अटळ असते. डाल्मेशियन कुत्र्यांत युरिक आम्लाच्या विघटनातला जन्मजात दोष असतो आणि खडे युरेटचे होतात, जे साध्या एक्स-रेत नीट दिसत नाहीत. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ म्हणून खडा नाही असे म्हणता येत नाही, सोनोग्राफी करावी लागते. लघवीत स्फटिक दिसले म्हणजे खडा झाला, असेही नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात निरोगी जनावराचेही स्फटिक जमतात. नमुना तासाभरात पाहिला तरच त्यावर भरवसा.

नमुन्याविषयी आणखी थोडे, कारण सगळी मदार त्यावरच आहे. कुत्र्याची सकाळची पहिली लघवी, धार सुरू झाल्यावर मधली, धुऊन कोरड्या केलेल्या वाटीत धरली की निम्मे काम झाले. मांजरासाठी रिकामी स्वच्छ पाटी, किंवा पाणी न शोषणारे मणी. जंतूंचे कल्चर करायचे असेल तर मात्र अशी लघवी चालत नाही. पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घ्यावी लागते. मालकांना ते भयंकर वाटते, प्रत्यक्षात रक्त काढण्याहून फारसे वेगळे नाही. माणसांसाठी बनवलेल्या पट्टीवर लघवी लावली तर रक्त, साखर, प्रथिने, आम्लता यांचे उत्तर बऱ्यापैकी मिळते. पांढऱ्या पेशींच्या चौकटीवर मात्र कुत्र्या-मांजरांत विश्वास ठेवायचा नाही, त्या पेशी मायक्रोस्कोपखालीच मोजायच्या. लघवीच्या घनतेची चौकटही निरुपयोगी. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचे हातात मावणारे साधे उपकरण लागते, थेंबभर लघवी आणि खिडकीचा उजेड पुरतो. बालाघाटच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये क्रिएटिनीन, युरिया, पोटॅशियम ही माणसांची तपासणी होतेच, त्याच यंत्रावर कुत्र्याचेही रक्त चालते. फक्त रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची कंसातली आकडेवारी माणसांची असते; ती खोडून जनावराची धरावी लागते.

अँटिबायोटिकच्या बाबतीत जगाचे मत दहा-पंधरा वर्षांत बदलले, ते आपल्याकडे अजून पुरते पोचलेले दिसत नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये मूत्रसंसर्गाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवस औषध, तेही अमॉक्सिसिलिनसारखे जुने आणि साधे. लघवीत जंतू आहेत पण जनावराला काही त्रास नाही, तर औषधच नको. याच्या उलट आपल्याकडे सुरुवातच एन्रोफ्लॉक्सासिनने किंवा सेफ्ट्रायॅक्सोनने होते. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस मांजराला किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर गेला तर डोळ्याचा पडदा कायमचा निकामी होऊ शकतो. अमिकासिन, जेंटामायसिन यांचा मार मूत्रपिंडावर. ‘पाच दिवस घालून पाहू’ हा निरुपद्रवी वाटणारा सल्ला तसा निरुपद्रवी नाही.

तरीही एका ठिकाणी अँटिबायोटिक दीर्घकाळ लागते, आणि ते ठिकाण म्हणजे नराचा प्रोस्टेट. खच्चीकरण न झालेल्या कुत्र्यात पाचव्या-सहाव्या वर्षापासून ही ग्रंथी वाढू लागते. माणसासारखी वयपरत्वे आपोआप होणारी ही वाढ प्राण्यांत कुत्र्यातच सर्रास दिसते. मांजराचा प्रोस्टेट लहान, आणि त्याचे आजार अपवादानेच. या साम्यामुळेच शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९३०च्या दशकाअखेर कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर प्रयोग केले. वृषणातील संप्रेरक बंद केले की ग्रंथी आटते हे त्यांनी दाखवले, तेच तत्त्व १९४१ मध्ये माणसांच्या प्रोस्टेट कर्करोगाला लावले आणि १९६६ चे नोबेल त्यांना मिळाले. आज माणसांच्या प्रोस्टेटवरची सगळी संप्रेरक-चिकित्सा त्या कुत्र्यांची ऋणी आहे, आणि तरीही आपल्या दारच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रोस्टेट कोणी बोटाने चाचपून पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. माणसात वाढलेला प्रोस्टेट लघवी अडवतो. कुत्र्यात तो बहुधा बाहेरच्या बाजूने वाढतो आणि मोठ्या आतड्याला दाबतो, म्हणून पहिली तक्रार येते ती शौचाची: कुंथणे, चपटी फितीसारखी विष्ठा, कधी गुदद्वाराशेजारी फुगवटा. जोडीला लिंगातून रक्ताचा थेंब. हातमोजा घालून गुदद्वारातून बोट, दुसऱ्या हाताने पोट वर उचललेले, एवढ्यावर मोठी विभागणी होते. दोन्ही बाजू सारख्या, मऊसर, न दुखणारा, तर साधी वाढ. दुखून कुत्रा वळवळला, ताप आहे, पाठ वाकवून चालतो, तर संसर्ग किंवा गळू. दगडासारखा टणक, खडबडीत, एका जागी चिकटल्यासारखा, तर कर्करोगाची शंका. सोनोग्राफी पुढे हे पक्के करते. संसर्ग असेल तर रक्त आणि प्रोस्टेट यांच्यामधला पडदा ओलांडून आत शिरणारे औषध, म्हणजे इथे मात्र एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा, चार ते सहा आठवडे. पाच दिवसांच्या सुयांनी हा आजार दबतो आणि महिन्याभराने डोके वर काढतो.

साध्या वाढीवर खात्रीचा उपाय खच्चीकरण. काही आठवड्यांतच ग्रंथी निम्म्याने आटते, रक्त थांबते. पैदास चालू ठेवायची असेल तर माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारे फिनास्टेराइड चालते; गर्भवती बाईने त्याची फोडलेली गोळी हाताळू नये, आणि औषध थांबले की ग्रंथी पुन्हा वाढते. खच्चीकरणावर लोकांचे आक्षेप असतात, आणि त्यांतले काही खरे आहेत. ‘निसर्गाच्या विरुद्ध’ याला उत्तर असे की बैल खच्ची केल्याशिवाय ज्या जिल्ह्यात कधी नांगर चालला नाही, तिथे कुत्र्यापुरता निसर्ग वेगळा असू शकत नाही. पण ‘खच्ची केले की प्रोस्टेटचा कर्करोग टळतो’ हे मात्र खोटे आहे. कुत्र्यात तसे संरक्षण मिळत नाही. काही अभ्यासांत खच्ची नरांत प्रमाण उलट जास्तच आढळले. म्हणून खच्ची कुत्र्याचा प्रोस्टेट मोठा लागला तर तो कर्करोग समजूनच पुढे जायचे. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडे भरायच्या आत खच्चीकरण केले तर पुढे सांध्यांचे त्रास वाढतात, हेही दिसून आले आहे, थांबणे बरे. आणि नसबंदी झालेल्या काही मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या माद्यांना झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे. या सगळ्या तोट्यांचे माप घालूनही, उतारवयात रक्त ठिबकणाऱ्या आणि शौचाला रडणाऱ्या नराच्या बाबतीत तराजू खच्चीकरणाच्याच बाजूला झुकतो.

मूत्रपिंडाचे आजार या सर्वांत हळू आणि म्हणूनच सर्वांत उशिरा कळणारे. साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनीन वाढत नाही. लघवीची घनता त्याआधी उतरते: पाणी कमी प्यायलेल्या कुत्र्याची लघवी १.०३० आणि मांजराची १.०३५च्या वर गेली नाही तर मूत्रपिंडाकडे पाहायला हवे. ‘खूप पाणी पितो आणि खूप मुततो’ ही तक्रार उन्हाळ्यात कोणी तक्रारच मानत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड गटाने, आयरिसने, क्रिएटिनीनवर या आजाराच्या चार पायऱ्या, आणि रक्तदाब व लघवीतली प्रथिने यांवर त्यांच्या उपपायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर कमी फॉस्फरसचे अन्न आणि पाण्याची काळजी यांनी जनावर पुष्कळ काळ सुखात राहते. आणि नेमक्या याच मूत्रपिंडावर आपण दुखण्याच्या गोळ्या घालतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याला. पॅरासिटामॉल मांजराला, ज्याची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. डायक्लोफेनॅक दिलेली ढोरे मेल्यावर त्यांवर पोसलेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन लाखांनी मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. माणसांच्या मेडिकलमधून मात्र ते घरच्या कुत्र्यापर्यंत आजही सहज पोचते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर. जिथे दुभत्या जनावराला वेळेवर डॉक्टर मिळत नाही, तिथे कुत्र्याच्या लघवीचे कौतुक कशाला? फिरत्या पशुरुग्णवाहिकेचा १९६२ हा नंबर आला, तरी एका डॉक्टरमागे गावे पुष्कळ आहेत, हे मान्य. पण धानाच्या बांधीत पावसाळ्यात पोटरीपर्यंत पाण्यात उभे राहून रोवणी करणाऱ्या बाईचा आणि कुत्र्याच्या लघवीचा संबंध थेट आहे. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदराच्या आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडात राहतो, लघवीतून ओल्या मातीत उतरतो आणि पायाच्या चिरेतून माणसात शिरतो. ताप, कावीळ आणि लघवी बंद झालेला कुत्रा हा त्या घराला मिळालेला इशारा असतो. त्याला ओळखायचे, हातमोजे घालायचे, पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन सुरू करायचे, आणि घरात कोणाला ताप असेल तर सरकारी दवाखान्यात हे सांगायचे. दरवर्षीच्या एकत्रित लसीत लेप्टोच्या काही प्रकारांचा समावेश असतो, ती चुकवू नये. आणि शिशी, मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचे यंत्र हे सारे गाय-म्हशीच्या लाल लघवीलाही तितकेच लागते. बबेसिया त्यांनाही होतो. कुत्र्यासाठी वेगळा खर्च उरतो तो रिफ्रॅक्टोमीटर, बारीक कॅथेटर आणि हात बसवण्याचा.

हात बसवायला जबलपूर आणि नागपूर आहेतच. दोन्ही महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांना दोन-तीन दिवस बोलावून तुंबलेला बोका सोडवणे, पोटातून सुईने नमुना घेणे आणि प्रोस्टेटवर सोनोग्राफीची मूठ ठेवणे, एवढे जरी करून घेतले तरी बालाघाटचा चेहरा बदलेल. बाकीच्यासाठी जनावर हलवण्याऐवजी नमुना हलवावा. पोटातून घेतलेली लघवी निर्जंतुक नळीत, बर्फाच्या डब्यात, चोवीस तासांच्या आत पोचली तर कल्चर नागपुरात होऊ शकते आणि कुत्रा घरीच राहतो. शस्त्रक्रियेत निघालेला खडा मालकाच्या हातात आठवण म्हणून देण्याऐवजी कोरड्या डबीत पृथक्करणाला पाठवावा, आणि त्यावर फॉर्मॅलिन मुळीच ओतू नये. त्याने स्ट्रुव्हाइटची जातच बदलून जाते आणि पुढच्या खड्याचा आहार चुकीचा ठरतो.